चिकट बदक

दिवाळीपूर्वी माळा आवरणे हा आमच्या घरचा एक सोहळाच असतो. शिडी धरायला ‘हे’, वर चढायला मी, आणि खाली उतरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर आमचा एकेक परिसंवाद. “हे टाकू या” असे यांनी म्हणायचे आणि “असू द्या, कधीतरी लागेल” असे मी म्हणायचे, हा शिरस्ता गेली पस्तीस वर्षे चालू आहे. त्यामुळे माळा दरवर्षी आवरला जातो आणि दरवर्षी तेवढाच भरलेला राहतो.

यंदा एका पत्र्याच्या ट्रंकेतून जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेले पिवळे बदक निघाले. आमचे चिरंजीव १९९२ साली जन्मले, तेव्हा त्याच वर्षीच्या दिवाळीच्या बाजारातून मी ते हौसेने आणले होते. पोट दाबले की ‘चूं’ करायचे. चिरंजिवांचे दात या बदकावर आले असे म्हटले तरी चालेल. त्याच्या चोचीवर त्या दातांचे व्रण अजून दिसतात. बदक हातात घेतले आणि खरे सांगते, मला भरून आले.

फक्त एक गोष्ट जाणवली. बदक चिकट झाले होते. लाडवाचा पाक हाताला लागावा तसे ते बोटांना लागत होते. मी म्हटले, इतकी वर्षे माळ्यावर राहिले, धूळ बसली असेल. साबण लावून गरम पाण्याने खसाखसा धुतले, पुसले आणि छकुलीच्या हातात दिले.

छकुली म्हणजे आमची नात. तिला नववा महिना लागला आहे आणि खालचे दोन दात डोकावू लागले आहेत. दिसेल ते तोंडात घालणे हा तिचा सध्याचा एककलमी कार्यक्रम. तिने बदक घेतले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि बरोबर तिच्या बापाने धरली होती तिथेच चोच हिरड्यांत धरली. माझ्या जिवाचे सार्थक झाले!

संध्याकाळी सूनबाई कामावरून आली. ती एका औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत आहे. आल्या आल्या हातपाय धुतले, छकुलीला उचलले, आणि बदक पाहताच क्षणभर थबकली. काही बोलली नाही. स्टीलचा चमचा छकुलीच्या एका हातात दिला आणि दुसऱ्या हातातले बदक अलगद काढून वरच्या फळीवर ठेवले.

वाचकहो, बोलले असते तर परवडले असते. न बोलता केलेली गोष्ट सासूला जास्त लागते. माझ्या तोंडून निघून गेलेच, “अगं, तुझा नवरा याच बदकावर वाढला. काय झाले त्याला?”

“काही नाही झालं, आई,” ती हसून म्हणाली, “पण रात्री शंकरपाळे करताना सांगते.”

रात्री स्वयंपाकघरात मी लाटत होते, ती तळत होती. तळलेले शंकरपाळे तिने वर्तमानपत्रावर पसरले होते. थोड्या वेळाने तिने त्यांतला एक उचलला आणि खालचा कागद मला दाखवला. शंकरपाळ्याच्या आकाराचा तेलकट डाग पडला होता.

“आई, मोहन घातलं नाही तर शंकरपाळे कसे होतात?”

“दगड होतात.”

“आणि मोहन घातलं की खुसखुशीत होतात. पण ते मोहन पिठात मुरलेलं असलं तरी पिठाला बांधलेलं नसतं. कागद मिळाला की कागदावर उतरतं. तुमच्या बदकाचं तसंच आहे. ते चिकट झालंय ते धुळीनं नाही. त्याचं मोहन बाहेर आलंय.”

एवढ्या एका वाक्याने माझा राग निम्मा उतरला आणि उरलेल्याची जागा कुतूहलाने घेतली. त्यानंतरचे पंधरा दिवस फराळ सांभाळून मी या विषयाचे जे जे हाती लागेल ते वाचत होते, आणि अडले की सूनबाईला विचारत होते. ते सगळे आज आपल्यापुढे मांडते. कारण असली बदके माझ्या एकटीच्याच माळ्यावर असतील असे मला वाटत नाही.

पहिली गोष्ट, आपण ज्याला ‘रबरी’ खेळणे म्हणतो त्यात बहुधा रबर नसतेच. ते असते पीव्हीसी नावाचे प्लॅस्टिक. हे पीव्हीसी मूळचे कडक. न्हाणीघराचे पाणी वाहून नेणारा राखाडी पाइप आठवा. तो त्याचा खरा स्वभाव. त्या पाइपाचे बदक करणे कठीणच! १९२६ साली अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन नावाचे रसायनज्ञ रबर धातूला चिकटवण्यासाठी काहीतरी शोधत होते. त्यांनी पीव्हीसी एका जड, सहजासहजी न उकळणाऱ्या द्रवात घालून तापवले. चिकटवण्याचे काम काही साधले नाही, पण जे हाती आले ते मऊ, लवचीक आणि पाणी आत न येऊ देणारे होते. तिथून पुढे रेनकोट, टेबलावरची मेणकापडासारखी आच्छादने, विजेच्या तारांची वेष्टणे, चेंडू, बाहुल्या आणि बदके असा मोठा संसार उभा राहिला.

मऊपणा आणणाऱ्या या द्रवांना प्लॅस्टिसायझर म्हणतात. त्यांतले सर्वांत मोठे घराणे थॅलेटांचे, आणि त्या घराण्यातला फार वर्षांचा कर्ता म्हणजे डीईएचपी. दिसायला तेलासारखा, रंग नाही, वास जवळजवळ नाही. म्हणून “वास येत नाही म्हणजे चांगले आहे” हा आपला बायकांचा ठोकताळा इथे कामाचा नाही. मऊ पीव्हीसीच्या खेळण्यात वजनाच्या तीस-चाळीस टक्क्यांपर्यंतही हे द्रव्य असू शकते. म्हणजे शंभर ग्रॅमच्या बदकात तीस-चाळीस ग्रॅम मोहन! आणि ते प्लॅस्टिकला रासायनिक गाठीने बांधलेले नसते. उष्णता, तूपतेल आणि चावणे, या तिन्हींनी ते बाहेर यायला मदत होते. मी बदक गरम पाण्याने धुतले ते वरवरचे पुसले गेले एवढेच. आतले पुन्हा वर येणार होतेच.

आता प्रश्न असा, की आले बाहेर तर बिघडले काय? इथे घाबरवून सोडणारे पुष्कळ आणि हसण्यावारी नेणारेही पुष्कळ. म्हणून जेवढे पक्के आहे तेवढेच सांगते. १९८२ साली अमेरिकेच्या सरकारी विषशास्त्र कार्यक्रमाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. डीईएचपी मोठ्या मात्रेने खाऊ घातलेल्या उंदरांच्या यकृतात गाठी आढळल्या होत्या. उंदराचे यकृत आणि माणसाचे यकृत यांत फरक आहे, असा वाद त्यावर पुढे बरीच वर्षे चालला. पण दरम्यान दुसरी आणि अधिक काळजीची गोष्ट पुढे आली. गाभण उंदरिणींना काही थॅलेटे दिली तर त्यांच्या नर पिल्लांच्या जननेंद्रियांची वाढ नीट होत नाही. पुरुषत्वाच्या संप्रेरकाचे कामच अडते. २००५ साली शॅना स्वान या अमेरिकन संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या बाबतीतही असाच संबंध दिसत असल्याचे दाखवले. गरोदरपणी आईच्या लघवीत थॅलेटांचे अंश जास्त, तर तान्ह्या मुलग्यांच्या शरीराच्या मोजमापात सूक्ष्म फरक. सूक्ष्म हा शब्द लक्षात ठेवावा. एखादे खेळणे चावले म्हणून मूल आजारी पडत नाही. प्रश्न आहे तो थोड्याथोड्याने, अनेक वाटांनी आणि नेमक्या वाढीच्या वयात होणाऱ्या बेरजेचा.

दिलासा देणारीही एक गोष्ट आहे. ही द्रव्ये शरीरात वर्षानुवर्षे साठून राहत नाहीत. बहुतेक भाग एकदोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो. म्हणजे ज्या दिवशी आपण येणे थांबवले त्याच दिवसापासून फायदा सुरू. माझ्या एका दुपारच्या हौसेपायी छकुलीचे काही कायमचे बिघडले, असे नव्हे. हे ऐकले तेव्हा मी मनातल्या मनात देवापुढे साखर ठेवली.

कायदा या बदकापर्यंत कसा पोचला, ती कथा मात्र मोठी गमतीची आणि तितकीच विचार करायला लावणारी आहे.

उंदरांचा निकाल आल्यावर अमेरिकेतल्या कारखानदारांनी १९८६ साली आपण होऊन एक मर्यादा घातली. चोखण्या आणि दात येताना चावायला देण्याच्या वस्तू यांत डीईएचपी तीन टक्क्यांहून जास्त नको. चांगली गोष्ट. पण मऊपणा तर हवाच होता. मग डीईएचपीच्या जागी त्याचाच चुलतभाऊ डीआयएनपी आला. मोरी बंद केली आणि पाणी नळीतून आले, अशातला प्रकार.

१९९७ साली डेन्मार्कमध्ये लहान मुलांच्या चावण्याच्या काही वस्तूंतून थॅलेटे बऱ्याच प्रमाणात बाहेर येतात असे आढळले आणि युरोपभर ओरड झाली. सरकारे म्हणाली, बंदी घालू. कारखानदार म्हणाले, थांबा, खेळण्यात किती आहे याला महत्त्व नाही, मुलाच्या पोटात किती जाते ते मोजा. म्हणणे वरवर अगदी रास्त. पण मोजायचे कसे? तान्ह्या बाळाला “चाव आणि थुंक” असे कोण सांगणार?

तेव्हा १९९८ साली हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी वीस प्रौढ माणसांना बसवून पीव्हीसीचे तुकडे चघळायला दिले आणि त्यांची लाळ गोळा करून तपासली. दुसरीकडे काही आईबापांच्या हाती घड्याळ देऊन, आपले मूल दिवसाकाठी किती मिनिटे काय काय तोंडात घालते, याची नोंद करायला सांगितले. डोळ्यांपुढे आणा: भलेमोठे गृहस्थ रांगेने बसून गंभीर चेहऱ्याने प्लॅस्टिक चघळत आहेत! मला हसू आवरले नाही. पण हसता हसता असेही वाटले, की मुलांसाठी कुणीतरी एवढी तसदी घेतली.

या खटाटोपातून काय दिसले? एक मूल दिवसभरात थोडा वेळ चघळते, तर दुसरे तासन्‌तास. माणसामाणसाच्या लाळेत फरक, चावण्यात फरक. माणसाऐवजी यंत्राने हलवून, कृत्रिम लाळेत खेळणे घोळवून मोजण्याचे प्रयत्नही झाले. त्या पद्धती कायद्यासाठी विसंबण्याजोग्या नाहीत, असे युरोपच्या शास्त्रीय समितीने १९९९ मध्ये सांगितले. आणि त्या डिसेंबरात युरोपने तातडीची बंदी घातली: तीन वर्षांखालील मुलांनी तोंडात घालायच्या खेळण्यांत सहा थॅलेटे नकोत. ही बंदी तात्पुरती होती. तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत नेली आणि २००५ साली कायमचा नियम झाला. तो १६ जानेवारी २००७ पासून लागू झाला. डीईएचपी आणि आणखी दोन थॅलेटे कोणत्याही खेळण्यात किंवा बाळाच्या वस्तूत वजनाच्या ०.१ टक्क्याहून अधिक नकोत. उरलेली तीन, मुलाला तोंडात घालता येतील अशा वस्तूंत तेवढ्याहून अधिक नकोत.

हा ०.१ टक्का म्हणजे काय, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. किलोला एक ग्रॅम. माझ्या शंभर ग्रॅमच्या बदकाला ग्रॅमचा दहावा हिस्सा. एवढ्याशाने पीव्हीसी मऊ होत नाही. शेरभर पिठात एक थेंब मोहन घातल्यासारखे ते. म्हणजे ०.१ टक्का ही “एवढे खाल्ले तर चालते” अशी मात्रा नव्हे. “मुद्दाम घालायचेच नाही, चुकून कणभर आले तर गोष्ट वेगळी,” एवढाच त्याचा अर्थ. बाळाच्या तोंडात किती जाते हे मोजण्याचा नाद कायद्याने सोडला आणि कारखान्याच्या कढईत किती पडले ते मोजायला घेतले. मला हा मोठा शहाणपणा वाटला. घरातल्या बाईला हे चटकन पटेल. मुलाने किती लाडू खाल्ले यावर पहारा करण्यापेक्षा डबा वर ठेवणे सोपे असते.

अमेरिकेने २००८ साली कायदा केला. त्यात ‘तोंडात घालता येणारी वस्तू’ कोणती याचीही व्याख्या आहे. खेळण्याची कोणतीही एक बाजू पाच सेंटिमीटरहून कमी असेल तर ते तोंडात घालता येते असे समजावे. नुसते चाटता येत असेल तर मात्र तोंडात घातले असे समजू नये! ज्या वकिलाने हे लिहिले त्याच्या घरी रांगते मूल नसावे. आमच्या छकुलीने परवा दिवाणाचा कोपरा ज्या निष्ठेने चोखला, तो पाहून त्याने व्याख्या नक्की बदलली असती.

पण याच कायद्यातली एक तरतूद फार मोलाची. काही थॅलेटांवरची बंदी तात्पुरती ठेवून, तज्ज्ञांची समिती नेमून अभ्यास करायचा आणि मग निर्णय घ्यायचा. समितीने २०१४ साली अहवाल दिला. अनेक थॅलेटे एकाच वाटेने शरीरावर काम करतात, म्हणून त्यांचा विचार सुटा सुटा न करता एकत्र करावा, हा तिचा मुख्य मुद्दा. त्यानुसार २०१७ साली नियम झाला. त्याच्या पोटी, एके काळी ‘बदली’ म्हणून आलेला तो चुलतभाऊ डीआयएनपी कायमचा बाहेर गेला, आणखी चार थॅलेटांवर बंदी आली, आणि दोघांवर ठेवलेली तात्पुरती बंदी उठवण्यात आली. पुरावा बदलला तर नियम दोन्ही बाजूंनी हलला. संसारात हेच आपल्याला जमत नाही. एकदा धरले ते धरले!

कायदा झाला म्हणजे सगळे झाले असेही नाही. २०११ साली तैवानमध्ये एका सरकारी प्रयोगशाळेतल्या बाई पोटाच्या आरोग्यासाठी विकली जाणारी एक पूड तपासत होत्या. त्यात चोरून घातलेले बारीक होण्याचे औषध आहे का, एवढेच त्यांना पाहायचे होते. ते नव्हते. पण यंत्राच्या कागदावर एक भलताच उंचवटा दिसला. “आपल्याला विचारलेले नाही” म्हणून त्या तो सोडून देऊ शकल्या असत्या. त्यांनी सोडला नाही. शोध घेता घेता निघाले ते डीईएचपी. सरबते, फळांचे रस, जॅम यांना दाटपणा दिसावा म्हणून घालतात त्या द्रव्यात पामतेलाऐवजी स्वस्त पडते म्हणून कुणी प्लॅस्टिसायझर मिसळत होते. शेकडो पदार्थ दुकानांतून काढून घ्यावे लागले. कायद्याला पाय असतात की नाही ठाऊक नाही, पण डोळे असावे लागतात, आणि ते असे कुणाचे तरी असतात.

आता आपल्याकडे या. जानेवारी २००९ मध्ये केंद्र सरकारने चिनी खेळण्यांची आयात सहा महिन्यांसाठी बंद केली आणि मार्चमध्ये प्रमाणपत्राच्या अटीवर ती पुन्हा खुली केली. २०१० साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने बाजारातली चोवीस खेळणी तपासली, तर सगळ्यांत थॅलेट सापडले. २०१९ साली भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातल्या बाजारातून १२१ प्रकारची खेळणी घेऊन तपासली; तीनांतली दोन सुरक्षिततेच्या कसोट्यांना उतरली नाहीत. मग २५ फेब्रुवारी २०२० रोजी खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर, मग ती इथली असोत वा परदेशची, आयएसआयची खूण सक्तीची झाली. ‘आयएस ९८७३’ हे त्या मानकाचे नाव. टोचणे, तुटणे, पेटणे, रंगातले शिसे यांच्याबरोबर थॅलेटांसाठीही त्यात स्वतंत्र भाग आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना मात्र या सक्तीतून सूट आहे.

हिशेब केला तर १९८२ ते २०२१ ही एकोणचाळीस वर्षे होतात. उंदरांचा निकाल लागला तेव्हा माझे लग्नही झाले नव्हते. खूण सक्तीची झाली तेव्हा ज्याच्यासाठी बदक आणले तो अठ्ठावीस वर्षांचा बाप्या झाला होता. मला सूनबाईचा राग आला होता, तो खरे म्हणजे या एकोणचाळीस वर्षांचा यायला हवा होता. १९९२ साली मी ते बदक घेतले तेव्हा तज्ज्ञांना माहीत होते, कारखानदारांना माहीत होते. बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मला तेवढे कुणी सांगितले नव्हते.

हे सारे वाचून मी ऐटीत नवे खेळणे आणायला बाजारात गेले. पदपथावर एका फेरीवाल्याकडे अगदी तस्सेच पिवळे बदक दिसले. मी उलटेपालटे करून पाहू लागले.

“काय शोधता, आजी?”

“आयएसआयची खूण.”

“अहो, ती पंख्याला असते. बदकाला कशाला?”

आजूबाजूचे हसले. मीही हसले, कारण पंधरा दिवसांपूर्वी मीही हेच म्हटले असते. त्या पोराची काय चूक? त्याला कुणी पोतेभर बदके दिली, तो विकतो आहे. पण मी बदक परत ठेवले. पुढे एका दुकानात खोक्यावर खूण सापडली. वर मानकाचा क्रमांक, खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवान्याचा आकडा. सूनबाईने माझ्या फोनवर ‘बीआयएस केअर’ नावाचे सरकारी ॲप घालून दिले होते. तो आकडा त्यात घातला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसते. दुकानदार म्हणाला, “मावशी, इतकी चौकशी लोक फ्लॅट घेतानाही करत नाहीत.” मी म्हटले, “फ्लॅट कुणी चावत नाही.”

जाता जाता घरच्या घरी पाळण्यासारख्या चार गोष्टी. माळ्यावरची जुनी मऊ खेळणी, विशेषतः चिकट झालेली, आठवण म्हणून जपावीत, पण दात येणाऱ्या मुलाच्या हाती देऊ नयेत. पातळ, मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा वेष्टणात गरम वा तेलकट पदार्थ ठेवू नये, कारण बहुतेकांच्या शरीरात थॅलेट जास्त जाते ते खाण्यावाटेच. स्टीलचा डबा आजीच्या काळी शहाणा होता, आजही आहे. पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांच्या प्लॅस्टिकच्या लांबलचक नावात ‘थॅलेट’ येते म्हणून भिऊ नये. ते वेगळे प्रकरण आहे, तिला मऊ करायला हे मोहन लागत नाही. आणि आपल्याकडचा आदेश खेळण्यांपुरता आहे, हे विसरू नये. रेनकोट, अंथरायची रबरशीट, टेबलावरचे आच्छादन त्यात येत नाही. युरोपने २०२० पासून चार थॅलेटांची मर्यादा अशा पुष्कळ घरगुती वस्तूंनाही लावली. आपल्याकडे ते होईपर्यंत निदान तान्ह्या मुलाने रबरशीटचा कोपरा चोखू नये, एवढे आपल्या हातात आहे. वर सुती दुपटे घालावे.

सूनबाईने एक गोष्ट आवर्जून सांगितली आहे, तीही लिहिते. रक्तपेढीतली रक्ताची पिशवी हीसुद्धा मऊ पीव्हीसीचीच असते आणि तिच्यातले डीईएचपी रक्तातल्या तांबड्या पेशींना टिकायला मदत करते. त्या पिशवीने जीव वाचतात. फ्रान्सने २०१५ पासून तान्ह्या मुलांच्या आणि बाळंतिणींच्या विभागातल्या नळ्यांत डीईएचपी बंद केले, पण रक्ताच्या पिशवीबाबत सगळेच जपून पावले टाकीत आहेत. तेच द्रव्य एका ठिकाणी उपकारी आणि दुसऱ्या ठिकाणी नकोसे. बदकाला मात्र मऊ असण्यावाचून जीव वाचवण्याचे दुसरे काहीच काम नसते. म्हणून तिथे ते नको.

राहता राहिले आमचे बदक. ‘हे’ म्हणाले, “नरकचतुर्दशीला पहाटे बंबात घालू, पाणी तरी तापेल.” सूनबाई जवळजवळ ओरडलीच, “बाबा, नको! पीव्हीसी जाळलं की फारच वाईट धूर होतो.” तेव्हा यांचा बेत बारगळला. चिरंजिवांनी ते काचेच्या कपाटात, स्वतःच्या शाळेतल्या करंडकाशेजारी ठेवले आहे. जपानी बाहुलीइतक्या दिमाखात ते तिथे बसले आहे. खाली थोडा कागद घातला होता. काल पाहिले तर त्यावर बदकाच्या बैठकीएवढा तेलकट डाग उमटला होता. मी कागद बदलला.

छकुलीला मी स्वच्छ सुती फडके थंड पाण्यात भिजवून, पिळून देते. माझ्या आईने मला तेच दिले असणार. ती ते मनसोक्त चावते. मात्र ‘चूं’ असा आवाज त्यातून येत नाही, त्यामुळे तेवढा तिच्याऐवजी मला करावा लागतो.

सर्व वाचकांना, आणि विशेषतः त्यांच्या घरच्या दात येणाऱ्या मंडळींना, ही दिवाळी सुखाची जावो.